माया, मयासुर आणि आगाशिवचा संघमित्र

हेडफोन लावलेत? चला, सुरू करू. हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी, नेहमीप्रमाणे, बोललेलं थोडं नीट करून इथे टाकतोय.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विषय सुचवला: माया संस्कृती. कारण उघड आहे. रील्सवर सध्या 'स्पिरिच्युअल ट्रॅव्हल'ची लाट आहे. मेक्सिकोला जा, चिचेन इत्झाच्या पिरॅमिडसमोर डोळे मिटून बसा, 'प्राचीन ऊर्जा' घ्या आणि बदलून परत या. माझ्या ऑफिसातही अशा ट्रिपचे प्लॅन शिजतात. मी मूळचा सांगलीचा, बी.टेक. करून सॉफ्टवेअरमध्ये लागलो. त्यामुळे दोन सवयी आहेत. एक, दावा आला की त्यामागचं गणित बघायचं. दुसरी, लांबची गोष्ट ऐकली की आपल्या कृष्णाकाठी तसलं काही आहे का, ते शोधायचं. आज दोन्ही करू.

आधी गणित. 21 डिसेंबर 2012 आठवतोय? मी तेव्हा शाळेत होतो. टीव्हीवर रोज 'जग बुडणार, मायांचं कॅलेंडर संपणार' चाललेलं. ते कॅलेंडर म्हणजे खरं तर दिवस मोजणारा काउंटर. 20 दिवसांचा एक विनाल, 18 विनालांचा म्हणजे 360 दिवसांचा एक तुन, 20 तुनांचा एक कातुन आणि 20 कातुनांचा एक बाक्तुन, म्हणजे 1 लाख 44 हजार दिवस. असे 13 बाक्तुन झाले की 18 लाख 72 हजार दिवस, साधारण 5125 वर्षं. 2012 मध्ये हा 13 चा आकडा पूर्ण झाला, एवढंच. गाडीचं मीटर 99999 वरून पुढे गेलं म्हणून गाडी फुटत नाही. पालेंकेच्या एका शिलालेखात तर मायांनी स्वतःच इसवी सन 4772 मधली तारीख कोरून ठेवलीय. जग बुडेल असं वाटणारा माणूस एवढ्या पुढची तारीख दगडात कशाला घालेल?

आता गंमत ऐका. या काउंटरची सुरुवात येते इ.स.पू. 3114 मध्ये. आणि आपल्या ज्योतिषगणितातलं कलियुग सुरू होतं इ.स.पू. 3102 मध्ये. फरक फक्त 12 वर्षांचा! इथेच व्हॉट्सॲप विद्यापीठ जागं होतं: 'बघा, माया म्हणजे आपला मयासुर! पांडवांची मयसभा बांधून तो अमेरिकेत गेला!'

थांबा जरा. दोन्ही तारखा मागे मोजत जाऊन ठरवलेल्या आहेत. त्या दिवशी कुणी वही उघडून 'दिवस पहिला' असं लिहिलेलं नाही. आर्यभट इ.स. 499 च्या सुमाराला कलियुगाची 3600 वर्षं झाल्याचा हिशेब देतो. मायांच्या बाजूला या पद्धतीने तारीख कोरलेले सगळ्यात जुने दगड इ.स.पू. पहिल्या शतकातले. आणि 'माया' हे नाव युकातानमधल्या मायापान या शहराच्या नावाशी जोडलं जातं. त्याचा मयासुराशी संबंध नाही. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही, नाहीतर आपल्या सांगलीचं कुणी काय काय केलं असतं!

पण मला या फॉरवर्डचा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. मयासुराने बांधलं, एलियननी बांधलं, 'गूढरीत्या नाहीशा झालेल्या' लोकांनी बांधलं, असं म्हटलं की खऱ्या बांधणाऱ्यांचं नाव पुसलं जातं. माया नाहीसे झालेलेच नाहीत. दक्षिणेकडची मोठी शहरं नवव्या शतकात ओस पडली हे खरं, पण माणसं राहिली. 1562 मध्ये दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने मानी गावात त्यांच्या पोथ्या जाळल्या. आज फक्त चार पोथ्या उरल्यात. तरी त्यांचं शेवटचं स्वतंत्र राज्य पडलं ते 1697 मध्ये, म्हणजे आपले राजाराम महाराज जिंजीत होते तेव्हा! आणि आजही मेक्सिको, ग्वातेमाला भागात साठ लाखांहून जास्त माया लोक राहतात, आपल्या भाषा बोलतात. चिचेन इत्झात पर्यटक डोळे मिटून 'लुप्त संस्कृती'ची ऊर्जा घेत असतो आणि शेजारी तीच संस्कृती लाकडी मुखवटे विकत उभी असते.

आता हसू नका, कारण आपणही तेच करतो. आपल्याकडे डोंगरात लेणं दिसलं की उत्तर ठरलेलं: 'पांडवांनी एका रात्रीत कोरलं.' चला, कराडला जाऊ.

कराडचा प्रीतिसंगम तुम्हाला माहीत आहे. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच. शहराच्या नैर्ऋत्येला दिसतो तो आगाशिवचा डोंगर. त्याच्या पोटात, जखिणवाडीच्या बाजूला आणि आसपास, साठहून अधिक बौद्ध लेणी आहेत. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. अजिंठ्यासारखी चित्रं इथे नाहीत. छोट्या खोल्या, दगडातच कोरलेले झोपायचे ओटे, मधे कुठे स्तूप. पुणे-बंगळूर हायवेवरून रोज हजारो गाड्या याच्या पायथ्याने जातात.

आणि इथे एका लेण्यात नाव आहे. पांडवांचं नाही. गोपालचा मुलगा संघमित्र, त्याने हे लेणं दान दिलं, असा ब्राह्मी लेख आहे. बस, एवढाच. तो राजा होता असं त्यात नाही. बापाचं नाव, स्वतःचं नाव आणि दिलेली वस्तू.

अजून पुढे जाऊ. कराडचं जुनं नाव करहाकट किंवा करहाकड. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत करहाकडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणं दान दिल्याचा लेख आहे. त्याचं नाव महिक. म्हणजे कराडचा लोखंडवाला घाट उतरून कोकणात गेला आणि तिथे खर्च करून आला. त्याहून लांब, मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहुतचा स्तूप होता, इ.स.पू. दुसऱ्या शतकातला. कनिंगहॅमने तो 1873 मध्ये शोधला आणि त्याचे कोरीव दगड आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहेत. त्यावर देणगीदारांच्या यादीत कोण आहे? करहाकटचा 'निगम', म्हणजे व्यापारी नगर! आख्ख्या गावाने मिळून वर्गणी दिली. कराड ते भारहुत, सरळ रेषेत मोजलं तरी हजार किलोमीटरहून जास्त. गुगल मॅप नाही, यूपीआय नाही.

हे आपलं खरं 'स्पिरिच्युअल ट्रॅव्हल'. पण दिशा बघा. हे लोक तिथे काहीतरी घ्यायला नाही, द्यायला गेले. आणि लेण्यांचा उपयोग काय होता? भिक्खू एरवी चालत फिरायचे आणि पावसाळ्यात एका जागी राहायचे, तो वर्षावास. म्हणजे ज्या जागेला आपण 'डेस्टिनेशन' म्हणून टिक मारतो, ती मुळात थांबण्यासाठी बांधलेली होती. त्या ओट्यावर पावसाळा काढायचा. नेटवर्क तर सोडाच, दिवाही जपून. मी तिथे अर्धा तास बसलो. पहिली दहा मिनिटं हात खिशातल्या फोनकडेच जात होता. मग हळूहळू छिन्नीचे तिरके घाव दिसायला लागले, एकेक वेगळा. मला जी काही शांतता मिळाली, ती त्या घावांमुळे. कुणीतरी हा बेसाल्ट रोज थोडा थोडा फोडलाय. एका रात्रीत नाही.

'पण चिचेन इत्झाला तर वर्षातून दोनदा, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, पायऱ्यांवर सावलीचा साप उतरतो!' असं कुणी म्हणेल. उतरतो, खरंच. तो पिरॅमिड भारी आहे: चार बाजूंना 91 पायऱ्या आणि वरची एक, बेरीज 365. पण सांगलीकरांनो, तुमच्यापासून गाडीने थोडक्या अंतरावर, शिरोळ तालुक्यात खिद्रापूर आहे. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र त्या झरोक्यावर येतो. यामागेही चमत्कार नाही. कार्तिकात सूर्य दक्षिणेला जितका सरकलेला असतो, साधारण तितकाच पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला असतो, अंदाजे 17-18 अंश. खिद्रापूरचा अक्षांशही जवळपास 16.7. म्हणून चंद्र डोक्यावर. त्याची कक्षा पाच अंश कललेली असल्याने दरवर्षी अगदी नेमका जमत नाही, थोडा इकडेतिकडे होतो. हे कळल्यावर माझी मजा कमी झाली नाही, उलट वाढली. आकाशाकडे वर्षानुवर्षं बघत बसलेला माणूस दिसायला लागला.

मेक्सिकोला जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. पैसे जमले की मीही जाणार. पण गेलात तर गाईडला विचारा की इथे बाहेर बसलेले लोक कोणती भाषा बोलतात. आणि लेण्यात गेलात तर 'कुणी बांधलं' याचं उत्तर पांडवांवर सोडून देऊ नका. माझ्या मते पर्सनल ग्रोथ असलीच तर ती यात आहे: आपल्या आधी इथे खरी माणसं राबून गेली, त्यांना नावं होती, बाप होते, धंदे होते, हे मान्य करण्यात. त्याने माणूस जरा लहान होतो आणि ते बरं असतं.

एक शेवटचं. जुन्या वास्तूंवर खडूने, ऑइल पेंटने बदाम आणि नावं लिहिणारे सगळीकडे असतात. संघमित्राचं नाव दोन हजार वर्षं वाचलं जातंय, पण त्याने आधी आख्खं लेणं दिलं, मग नाव कोरलं. क्रम लक्षात ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या तालुक्यातलं एक 'पांडवांनी बांधलेलं' ठिकाण शोधा आणि तिथे शिलालेख आहे का, ते बघा. हात लावू नका, फोटो काढा आणि मला पाठवा. पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत, काळजी घ्या!