वास येतो की नाही, हे चित्र सांगेल काय?

नजर अधू झाली तर डॉक्टर अक्षरांचा तक्ता वाचायला सांगतात. ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावून कान तपासतात. पण ‘मला वास येत नाही’ ही तक्रार सहसा कोणी मनावर घेत नाही. वास्तविक दूध करपले, भाजी आंबली, गॅस गळतो आहे, या सूचना आपल्याला नाकच देते. मग कोणाचे गंधज्ञान गेले आहे हे ठरवायचे कसे? मेंदूकडे पाहून ते कळेल काय?

नाकाच्या छताशी असलेल्या चेतापेशींचे तंतू कवटीच्या तळाच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि मेंदूखालच्या दोन इवल्याशा घ्राणकंदांना मिळतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी निरनिराळ्या प्राण्यांचे मेंदू ताडून पाहिले. माणसाच्या मोठ्या मेंदूच्या मानाने त्याचे घ्राणकंद फारच लहान भरले. तेवढ्यावरून त्यांनी माणसाला गंधावर विसंबून न राहणाऱ्या प्राण्यांत बसवले. हा निष्कर्ष रचनेवरून काढलेला होता, माणसांना वास देऊन नव्हे. ‘माणसाचे नाक दुबळे’ हा समज मात्र पुढे पाठ्यपुस्तकांत रुजला.

प्रत्यक्ष मोजमापाची वाट वेगळी होती. १८८८ मध्ये हॉलंडच्या झ्वार्डेमाकर यांनी एकीत एक सरकणाऱ्या नळ्यांचे गंधमापक बनवले. वासाची नळी जितकी बाहेर ओढावी तितका वास अधिक. १९८४ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डोटी यांनी ४० वासांची पुस्तिका तयार केली. कागद खरवडायचा, हुंगायचा आणि चार पर्यायांतून उत्तर निवडायचे. दोन्ही पद्धतींत उत्तर रुग्णानेच द्यायचे असते. लहान मूल किंवा स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती ते कसे देणार? आणि भरपाईसाठी कोणी खोटेच सांगितले तर?

म्हणून मेंदूच्या चित्रणाकडे आशेने पाहिले गेले. १९९२ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे रॉबर्ट झाटोर व सहकाऱ्यांनी पॉझिट्रॉन चित्रण वापरून वास घेणाऱ्या माणसांच्या मेंदूतला रक्तप्रवाह टिपला. डोळ्यांच्या खोबण्यांवर असलेल्या भागात, विशेषतः उजव्या बाजूस, तो वाढलेला दिसला. गंध ‘दिसू’ लागला!

पण १९९८ मध्ये नोआम सोबेल व सहकाऱ्यांनी एमआरआय वापरून एक अडचण दाखवली. वास नसलेली हवा नुसती हुंगली तरी मेंदूतला एक प्रमुख गंधविभाग जागा होतो, कारण नाकपुड्यांना हवेचा स्पर्श जाणवतो. म्हणजे तो भाग उजळला एवढ्यावरून वास आला असे म्हणता येत नाही. पुढे २०१९ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेत सोबेल यांच्याच गटाला अशा स्त्रिया आढळल्या की ज्यांच्या एमआरआयमध्ये घ्राणकंद दिसत नव्हते, पण चाचणीत गंधज्ञान चांगले होते. नुसत्या चित्रावरून कोणीही त्यांना गंधहीन ठरवले असते!

मग चित्रण निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. कालमन विकारात जन्मतःच घ्राणकंद नसतात किंवा अपुरे वाढतात, ते एमआरआयमध्ये दिसते. कंदाजवळची गाठही दिसते. २०२२ मध्ये ब्रिटनमधील ७८५ जणांच्या चित्रांच्या तुलनेत, कोविड होऊन गेलेल्यांच्या गंधाशी निगडित भागांत थोडी झीज अधिक आढळली. गंध का गेला याचा माग चित्र लावू शकते. तो किती गेला हे मात्र अजूनही हुंगायला देऊन विचारावेच लागते.

शिक्षकांना हे सहज करून पाहता येईल. डोळे मिटायला लावून जिरे, कॉफी, साबण हुंगायला द्यावेत. जन्मापासून वास न येणाऱ्या मुलाला आपल्यात काही उणे आहे हे ठाऊकच नसते. इतर मुले म्हणतात म्हणून तेही ‘छान वास आहे’ म्हणत राहते. अशा मुलाला उत्तर देता आले नाही, तर त्याला न हसता पालकांना कळवावे आणि डॉक्टरांकडे पाठवावे.