टाळेबंदीतील दारूबंदी : एक मागोवा

२०२० सालातील मे महिन्याची ४ तारीख आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. चाळीस दिवसांच्या टाळेबंदीनंतर त्या सोमवारी देशाच्या बऱ्याच भागांत दारूची दुकाने उघडली. दुकानासमोर एका वेळी पाचांहून अधिक माणसे नसावीत व दोघांत सहा फुटांचे अंतर असावे, असा केंद्रीय गृहखात्याचा दंडक होता. प्रत्यक्षात सकाळपासूनच लांबच लांब रांगा लागल्या. कोठे पोलिसांनी लाठी चालविली, कोठे उघडलेली दुकाने लगेच पुन्हा बंद करावी लागली. दिल्लीत एका गृहस्थाने रांगेतील लोकांवर फुले उधळली. देशाची अर्थव्यवस्था तुमच्याच जिवावर चालली आहे, असे त्याचे म्हणणे होते. सारा देश हसला. आम्हीही हसलो. आज मागे वळून पाहताना त्या हसण्याची थोडी लाज वाटते. ती का वाटते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

दारूबंदी आपल्या प्रांताला नवी नाही. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी जारी झाली. पुढे मोरारजी देसाई यांच्या आग्रहातून १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला व १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. ह्या कायद्यातही धर्मविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षरसाला मुभा ठेवलेली होती, ही गोष्ट आपल्या वेदीशी निगडित असल्याने मुद्दाम नमूद करतो.

कायद्यामागील हेतू उदात्त होता, यात शंका नाही. परंतु दुकाने बंद झाली आणि हातभट्ट्या पेटल्या. खाडीकाठच्या गावांत नवसागराची दारू गाळली जाऊ लागली. मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांतून ‘आंटीचा अड्डा’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो ह्याच काळात. त्या आंटींपैकी अनेक जणी आपल्याच समाजातील होत्या, रविवारी मिस्साला येणाऱ्या होत्या, आणि कित्येकींच्या घरी मिळवता पुरुष उरलेला नव्हता. साठच्या दशकापासून हा कायदा सैल होत गेला. तरी कागदोपत्री तो आजही जिवंत आहे. म्हणूनच महाराष्ट्रात दारू पिणाऱ्यापाशी परवाना असावा लागतो. हा पूर्वेतिहास ध्यानात घेतला म्हणजे २०२० साली जे घडले ते अगदीच अनपेक्षित नव्हते, असे दिसून येते.

२४ मार्च २०२० च्या रात्री पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली. दुसरा दिवस, २५ मार्च, हा देवदूताने पवित्र मरियेला दिलेल्या निरोपाचा सण. उपवासकाळही चालू होता. जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत दारू नव्हती. ती बंद व्हावी असा कोणाचा खास हेतू नव्हता. सारेच बंद झाले, त्यात दारूही बंद झाली. आपल्याकडे उपवासकाळात स्वखुशीने बाटली दूर ठेवणारे पुरुष पुष्कळ आहेत, व त्यांचे आम्ही कौतुकच करतो. परंतु जो मनुष्य व्रत घेतो तो त्यासाठी मनाची तयारी करतो. येथे तयारीला चार तासांचाही अवधी मिळाला नाही.

पहिला आघात केरळात जाणवला. दुकाने बंद होऊन काही दिवस लोटतात न लोटतात तोच दारू न मिळाल्याने आत्महत्या केल्याच्या बातम्या येऊ लागल्या. ३० मार्च रोजी केरळ सरकारने आदेश काढला, की सरकारी डॉक्टरांनी चिठ्ठी दिल्यास अशा रुग्णाला उत्पादनशुल्क खात्यामार्फत दारू मिळेल. डॉक्टरांच्या संघटना खवळल्या. जो रोग आहे त्यालाच औषध म्हणून लिहून देणे वैद्यकशास्त्रात बसत नाही, असे त्यांनी ठणकावले व काळ्या फिती लावल्या. २ एप्रिल रोजी केरळ उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. न्यायालय योग्यच बोलले. मात्र सरकारनेही एक गोष्ट मान्य केली होती, जी आपण सहसा मान्य करीत नाही : वर्षानुवर्षे पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर त्याचे शरीर कोसळते. हातपाय थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, झटके येतात, दोनचार दिवसांत भ्रम होऊन नसलेली माणसे व किडेमुंग्या दिसू लागतात. उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो.

महाराष्ट्रात वेगळाच सूर उमटला. २३ एप्रिल रोजी राज ठाकरे यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, राज्याच्या तिजोरीत पैसा यावा म्हणून मद्यविक्री सुरू करावी, असे सुचविले. त्यावर टीका झाली, थट्टाही झाली. पण त्यांनी उघड बोललेले बहुतेक राज्यांच्या मनात होते. दारू वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे, तिच्यावरील कर राज्यांचा. आणि अनेक राज्यांच्या स्वतःच्या कर-उत्पन्नात तिचा वाटा दहा ते पंधरा टक्क्यांच्या घरात जातो. मे महिन्यात दुकाने उघडताच दिल्ली सरकारने ७० टक्के ‘विशेष कोरोना शुल्क’ लावले, आंध्र प्रदेशाने दोन दिवसांत ७५ टक्के दरवाढ केली. तरीही रांगा हटल्या नाहीत. मुंबईत महापालिकेने दुसऱ्याच दिवशी दुकाने पुन्हा बंद केली, आणि पुढे राज्यात घरपोच विक्रीचा मार्ग निघाला. तमिळनाडूत ७ मे रोजी दुकाने उघडली. अंतराचे नियम पाळले जात नाहीत म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने ८ मे रोजी ती बंद करविली. १५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

ह्या सगळ्या गलबल्यात एक आवाज क्षीण होता. आंध्र प्रदेशात व तमिळनाडूत स्त्रिया रस्त्यावर आल्या. दुकाने उघडू नका, एवढेच त्यांचे मागणे होते. कामधंदा बंद, रोजगार नाही, घरात शिल्लक असतील ते चार पैसे आता बाटलीत जाणार, हे त्यांना दिसत होते. आंध्रच्या स्त्रियांना ह्या लढ्याची परंपराही आहे. १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतील बायकांनी अरकाविरुद्ध मोहीम उघडली होती. तिच्यातून तेथे अरकबंदी व मग १९९५ साली संपूर्ण दारूबंदी आली, आणि दोनच वर्षांत महसुलासाठी ती उठविण्यात आली. आपल्या महाराष्ट्रातही गावातील निम्म्याहून अधिक स्त्रियांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिले तर दुकान बंद करण्याची तरतूद आहे. २०२० च्या मे महिन्यात मात्र कोणी त्यांचे मत विचारले नाही.

आपल्या समाजाची तक्रार निराळी होती. मे महिन्यात दारूची दुकाने उघडली, ऑक्टोबरात मद्यालये उघडली. पण महाराष्ट्रातील मंदिरे, मशिदी व चर्चेस यांची दारे १६ नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. ‘फादर, बाटलीला परवानगी आणि ख्रिस्तशरीराला नाही?’ असे आम्हांला अनेकांनी विचारले. त्यांचा संताप आम्हांला समजत होता, तो काही अंशी आमचाही होता. पण ज्या चर्चच्या दारांसाठी आम्ही भांडत होतो, त्या दाराशी टाळेबंदीच्या काळात कोण येऊन गेले होते, हे आठवले की आमची मान खाली जाते.

मार्चअखेरची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एक बाई तोंडाला पदर बांधून फाटकाशी आली. धान्य हवे असेल, असे आम्ही धरून चाललो. ती म्हणाली, ‘‘फादर, रागावू नका. यांना तीन रात्री झोप नाही. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात, अंग नुसते कापते. कुठून थोडीशी मिळाली तर बघा ना.’’ आम्ही रागावलोच. देवाने ही संधी दिली आहे, चार दिवस कळ काढा, सुटेल आपोआप, असे सांगून, प्रार्थना करून तिला धान्याच्या पिशवीसह परत पाठविले. त्याच आठवड्यात घरबसल्या पाहायच्या मिस्साच्या प्रवचनात, टाळेबंदीने घरोघरी दारू थांबली याबद्दल आम्ही देवाचे आभारही मानले. त्या बाईने ते ऐकले असेल काय, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाला झटका आला. आमच्या येथील एक सिस्टर परिचारिका आहेत; त्यांनी लक्षणे ओळखली व त्याला इस्पितळात पोचविले, म्हणून तो वाचला. सिस्टर नंतर आम्हांला एवढेच म्हणाल्या, ‘‘फादर, ती दारू मागत नव्हती, मदत मागत होती.’’ सेमिनरीत आम्ही नीतिशास्त्राचे धडे गिरविले, मद्यपानाच्या पापाची मीमांसा केली. हे मात्र कोणी शिकविले नव्हते, आणि पुढे तीस वर्षांत आम्हीही शिकून घेतले नाही.

सगळेच वाचले नाहीत. जुलै २०२० च्या अखेरीस आंध्रातील कुरिचेडू येथे रोगाच्या फैलावामुळे दुकाने बंद असताना हात धुण्याचे सॅनिटायझर पिऊन किमान दहा जण दगावले. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांत, आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे त्याच कारणाने सात जणांचा बळी गेला. हे लोक रांगेत उभे राहून थट्टेचा विषय झालेल्या लोकांपेक्षा वेगळे नव्हते.

मग बंदी चूक होती काय? तसे आम्ही म्हणणार नाही. त्या चाळीस दिवसांत ज्या घरांतील मुले प्रथमच निर्धास्त झोपली अशी घरे आम्ही पाहिली आहेत. काही पुरुषांनी त्या निमित्ताने दारू कायमची सोडली, हेही ठाऊक आहे. परंतु दुकानाला कुलूप घालणाऱ्याने दवाखान्याचे दार उघडे ठेवले पाहिजे, हा त्या दिवसांचा धडा आहे. ख्रिस्तसभेच्या इतिहासात तो पूर्वीच शिकविला गेला आहे. १८३८ साली आयर्लंडमधील कॉर्क शहरी कपुचिन धर्मगुरू थिओबाल्ड मॅथ्यू यांनी दारूत्यागाच्या शपथेची चळवळ सुरू केली. लक्षावधींनी ती शपथ घेतली, तीही कायद्याच्या बडग्यावाचून. शपथ न पेलणाऱ्यांसाठी आणखी काही हवे होते. ते १९३९ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात सिस्टर इग्नेशिया यांनी केले. इस्पितळे ज्यांना दाराशी उभे करीत नव्हती, त्या मद्यपींना त्यांनी रुग्ण म्हणून खाट दिली. आपल्या वसईचे सुपुत्र फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात ‘कृपा’ सुरू केली. पुण्यात डॉ. अनिता, म्हणजे आपणा सर्वांच्या ‘मॅडम’ डॉ. सुनंदा, व डॉ. अनिल अवचट या दांपत्याने १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभारले. ही दारे आपल्या अंगणातच होती. आम्ही त्या बाईला त्यांपैकी एकाचाही पत्ता सांगितला नाही.

तो गृहस्थ आज काम करतो. मधूनमधून घसरतो, पुन्हा उभा राहतो. त्याची पत्नी आमच्याशी पूर्वीसारखीच बोलते, हा तिचा मोठेपणा. चर्चच्या फलकावर, मिस्साच्या वेळांच्या शेजारी, आता व्यसनमुक्ती केंद्राचा दूरध्वनी क्रमांक लावलेला असतो, आणि सिस्टरांनी आम्हांला ती लक्षणे पाठ करविली आहेत. साथी पुन्हा येतील, दुकाने पुन्हा बंद होतील. आमची वाचकांना एवढीच विनंती, की त्या वेळी शेजारच्या घरात कोणाचे हात थरथरत असतील, तर हसू नये व उपदेशही करू नये. आधी डॉक्टरला बोलवावे, आणि नंतर आम्हांला.