मराठी नाट्यविषयक जुन्या सचित्र ग्रंथांचा पुरावा

जुन्या मराठी ग्रंथांच्या मुखपृष्ठावर ‘सचित्र’ हे विशेषण मोठ्या हौसेने छापलेले आढळते. व्याकरणदृष्ट्या हा सहबहुव्रीहि समास. ‘चित्रांसह असलेले’ एवढाच त्याचा अर्थ. चित्र कोणी काढले, कशावरून काढले आणि ते ग्रंथात कोणत्या मार्गाने आले, याविषयी हा शब्द पूर्ण मौन पाळतो. लाकडी ठशाचे रेखाचित्र, शिळाछापाची रंगीत तसबीर आणि छायाचित्रावरून तयार केलेला हाफटोन ठसा या तीन अगदी भिन्न वस्तू त्याच्या छत्राखाली सुखाने नांदतात. पौराणिक कथांच्या पुस्तकात याने काही बिघडत नाही. नाटकमंडळ्यांचे इतिहास, नटांची चरित्रे व आत्मचरित्रे आणि नाट्यविषयक नियतकालिके यांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांतील चित्रे आज आपण इतिहासाचे साधन म्हणून वापरतो, आणि त्यांच्या आधारे वेष, अभिनय, रंगमंचाची मांडणी यांविषयी विधाने करतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील ज्या चित्रांना आपण प्रयोगाची चित्रे समजतो, ती बहुधा प्रयोगाची नसतात. आणि ती कशाची आहेत हे ठरविण्याचा उत्तम मार्ग चित्राखालच्या ओळीतून जातो.

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले. त्यानंतरच्या सुमारे चार दशकांसाठी आपली भिस्त प्रायः शब्दांवर आहे. भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून पदे कळतात, आख्यानांची रचना कळते, पण राक्षसाचे सोंग रंगभूमीवर नेमके कसे उभे राहत असे ते पदांवरून कळणे अशक्य. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा स्थापन झाली व शिळाछापाची चित्रे घरोघर पोहोचू लागली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग १८८० सालचा, ‘सौभद्रा’चा १८८२ सालचा. म्हणजे संगीत नाटकाचा उदय आणि चित्रमुद्रणाचा प्रसार या दोन घटना महाराष्ट्रात जवळजवळ हातात हात घालून घडल्या. परंतु चित्र छापता येणे निराळे आणि प्रयोग टिपता येणे निराळे. नाटके रात्री होत, प्रकाश दिव्यांचा असे, आणि त्या काळच्या काचांना एवढा प्रकाश पुरेसा नसे. नटास काही क्षण निश्चल उभे करावयाचे, तर ते दिवसाउजेडी, छायाचित्रकाराच्या काचेच्या छपराखालीच शक्य होते.

यावरून निष्पन्न होणारी गोष्ट साधी आहे, पण तिचा विसर सहज पडतो. नट वेष करून स्टुडिओत जाई. त्याच्यामागे दिसणारा पडदा नाटकमंडळीचा नसून छायाचित्रकाराचा असे. आश्रमकन्येच्या पाठीमागे विलायती धाटणीचा कठडा आणि कुंडी दिसली, तर त्यावरून किर्लोस्कर मंडळीच्या देखाव्यांविषयी अनुमान काढणे व्यर्थ होय. नंतर काचेवर पेन्सिलीने डागडुजी होई. भुवई रेखीव होई, कंबर बारीक होई. त्यापुढे ठसे करणारा पुष्कळदा पार्श्वभूमीच कापून टाकी आणि पात्र कोऱ्या कागदावर तरंगत राही. क्वचित काच उलटी लागे व सबंध चित्रच डावे-उजवे होई. पुरुषपात्राच्या कोटाच्या गुंड्या कोणत्या बाजूस आहेत एवढे पाहिले तरी ही चूक पकडता येते. इतके संस्कार झाल्यावर जे उरते ते खोटे नव्हे. नाटकमंडळीने प्रेक्षकांच्या स्मरणात आपले जे रूप ठेवू इच्छिले, त्याचा तो अस्सल पुरावा आहे. फक्त तो प्रयोगाचा पुरावा नव्हे.

चित्र आणि रंगभूमी यांच्या संबंधात कालक्रमाकडेही दुर्लक्ष होते. राजा रविवर्म्यांच्या नायिका आणि मराठी रंगभूमीवरील स्त्रीवेष यांतील साम्य अनेकांनी दाखविले आहे, आणि ते डोळ्यांना दिसतेही. परंतु कोणी कोणाचे घेतले हे साम्यावरून ठरत नाही. रविवर्म्यांचे पत्रलेखन करणाऱ्या शकुंतलेचे चित्र १८७६ चे आहे, म्हणजे किर्लोस्करांच्या नाटकापूर्वीचे. तेच चित्र मोनियर विल्यम्सच्या इंग्रजी शाकुंतलाला मुखचित्र म्हणून लाभले. नाट्यग्रंथातील चित्राचा रंगभूमीशी काडीचाही संबंध नसू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण नको. उलट १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा शिळाछापखाना सुरू झाला तेव्हा भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा बारा वर्षे गाजत होती. बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले १९०५ साली आणि रविवर्मा निवर्तले १९०६ साली. म्हणून बालगंधर्वांच्या वेषावर त्या तसबिरींची छाया पडली असे म्हणण्यास जागा आहे, त्याच्या उलट म्हणण्यास नाही. भाऊरावांच्या बाबतीत मात्र दोन्ही दिशा मोकळ्या राहतात. त्या छापखान्यासाठी पुढे काम केलेले दादासाहेब फाळके ठसे करण्याच्या धंद्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’पर्यंत पोहोचले, हा योगायोग नाट्येतिहासकारांनी अधिक मनावर घ्यावयास हवा.

आता चित्राखालच्या ओळीकडे वळू. मराठीत नट आणि भूमिका यांचे नाते सांगण्याच्या निदान तीन रीती आहेत. ‘अमुक : सुभद्रा’ ही पहिली, येथे दोन नामे केवळ शेजारी ठेवली आहेत. ‘सुभद्रेच्या वेषात अमुक’ ही दुसरी. येथे सप्तमी आहे, आणि नट हा वेषाच्या आत असलेला कोणी निराळा मनुष्य आहे असे ती सांगते. तिसरी रीत षष्ठीची : ‘बालगंधर्वांची सिंधू’, ‘बोडसांचा फाल्गुनराव’, ‘चिंतामणरावांचा घनःश्याम’. ही रीत प्रेक्षकांच्या बोलण्यातली आहे. तिच्यात भूमिका ही नटाची निर्मिती होते, जशी ‘कालिदासाची शकुंतला’ ही कवीची निर्मिती. पहिली रीत नाटकाच्या जाहिरातीच्या जवळची, दुसरी छायाचित्रकाराच्या जवळची. स्टुडिओत जे घडले त्याचे इमानदार वर्णन ‘वेषात’ हा शब्दच करतो. पुढील काळात त्याच्या जागी ‘भूमिकेत’ हा शब्द आला की चित्राचा अर्थ न कळत बदलतो. वेष स्टुडिओत नेता येतो. भूमिका नेता येत नाही. एकच चित्र एका ग्रंथातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून गौरवग्रंथात असे फिरत असता ‘वेषात’ची ‘भूमिकेत’ आणि ‘भूमिकेत’ची ‘एका प्रसंगात’ अशी बढती झाली, तर ग्रंथकाराने हेतुतः काही खोटे न करता स्टुडिओतील बैठक नाटकाच्या अंकात जाऊन बसते. म्हणून चित्राखालची ओळ ही चित्राइतकीच जपून, जशीच्या तशी, उतरून घेतली पाहिजे. तिची लेखनपद्धती, नावाआधीची ‘रा. रा.’ ही उपाधी, सारेच कामाचे असते.

स्त्रीवेषाच्या चित्रांत आणखी एक मौज आहे. मराठीत क्रियापद लिंगानुसार बदलते, म्हणून ओळ पूर्ण वाक्याची केली की नट ‘उभा’ आहे की नायिका ‘उभी’ आहे हे ठरवावेच लागते. नुसत्या नामांची ओळ हा पेच टाळते. त्या ओळींच्या संक्षेपाचे श्रेय आपण जागेच्या टंचाईला देतो. त्यात व्याकरणाचाही वाटा असावा, असे माझे मत आहे. भूमिकेसाठी असलेले शब्दही तपासण्याजोगे आहेत. ‘सोंग’ हा लोकनाट्यातला, ‘पात्र’ संस्कृत नाटकातला, ‘पार्ट’ कंपनीच्या बिऱ्हाडातला. गणपतराव बोडसांनी १९४० साली आपल्या आत्मचरित्रास ‘माझी भूमिका’ हे नाव दिले तेव्हा त्या शब्दाला ‘आपली बाजू’ हा अर्थही चिकटलेला होता, आणि तो त्यांना हवाच असणार.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. १७०९ साली निकोलस रो याने संपादिलेल्या शेक्सपिअरच्या आवृत्तीत प्रत्येक नाटकाला एक कोरीव चित्र होते. त्यांतील बरीच चित्रे कलावंताच्या कल्पनेची आहेत. ‘हॅम्लेट’च्या चित्रात मात्र राणीच्या दालनात एक खुर्ची उलटून पडलेली दिसते. संहितेत ती खुर्ची नाही. ती बेटर्टन या नटाच्या प्रयोगपरंपरेतून आलेली, असे अभ्यासक मानतात. म्हणजे प्रयोगाचा खरा धागा मुख्य आकृतीत नसून कोपऱ्यात पडलेल्या सामानात सापडतो. आपल्याकडे बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत १९२६ साली रामकृष्ण कवी यांनी नाट्यशास्त्राचा पहिला खंड काढला. त्यात करणांच्या विवरणासाठी चिदंबरमच्या गोपुरातील शिल्पांची चित्रे दिली आहेत. तेथे शिल्पांसोबत नाट्यशास्त्रातील श्लोक दगडातच कोरलेले असल्याने तलपुष्पपुटापासून पुढील करणांची नावे आकृतींना बांधलेली राहिली. दगडाला जे साधले ते कागदाला साधलेले नाही.

कारण कागदाची रचनाच तशी आहे. हाफटोन ठसा गुळगुळीत आर्ट कागदावरच नीट उठतो, मजकूर साध्या कागदावर छापला जाई. त्यामुळे चित्रपृष्ठे निराळी छापून बांधणीच्या वेळी फर्म्यांच्या मध्ये डकविली जात, आणि त्यांवर पृष्ठांक नसे. परिणामी पुस्तक उसवले की प्रथम चित्रे गळतात; पृष्ठांक तपासून पाहणाऱ्या ग्रंथपालास मात्र प्रत पूर्णच वाटते. कोकणपट्टीची हवा हा दुसरा शत्रू. गिरगाव-दादरची जुनी बिऱ्हाडे उपनगरांत आणि त्याही पुढे मीरा-भाईंदरकडे सरकली, तेव्हा त्यांच्याबरोबर ही पुस्तकेही खाडीकाठच्या, मिठागरांच्या शेजारच्या हवेत आली. आर्ट कागदावरील लेप ओल धरला की पाने एकमेकांस चिकटतात, आणि सोडवू जाता मुखवटाच सोलून निघतो. त्याच शहरातील एका नाट्यगृहास आज लता मंगेशकर यांचे नाव आहे. त्यांचे वडील दीनानाथ आणि चिंतामणराव कोल्हटकर यांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली, आणि १९५७ साली चिंतामणरावांनी ‘बहुरूपी’ लिहिले. त्या पिढीच्या ग्रंथांच्या प्रती त्या परिसरातील रद्दीच्या दुकानांत पोहोचण्यापूर्वी कोणी हाताळून पाहिल्या, तर ते संशोधनाचेच काम ठरेल.

संगणकीय प्रतींनी ही हानी भरून काढावी, तर तेथे निराळीच अडचण. हाफटोन ठशात करडा रंग नसतोच. लहानमोठे काळे ठिपके दुरून करडे भासतात. अशा पानाची फक्त काळ्या-पांढऱ्याची, ढोबळ प्रत घेतली की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि नटाच्या चेहऱ्याच्या जागी डाग उरतो. मजकूर स्वच्छ वाचता येत असल्याने ‘ग्रंथ सुरक्षित झाला’ अशी नोंद होते व मूळ प्रत अडगळीत जाते. विभागातील विद्यार्थ्यांनी सूची करताना चित्रांची संख्या, छपाईचा प्रकार, चित्र कोणत्या पृष्ठांच्या मध्ये आहे, छायाचित्रकाराची सही किंवा शिक्का आणि खालची ओळ अक्षरशः, एवढे टिपले, तरी एका चित्राचा प्रवास ग्रंथाग्रंथांतून मागे नेता येईल.

राहता राहिला देखावा. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आली, पेटीवजा दिवाणखाना रंगमंचावर उभा राहिला, आणि पुढे प्रकाश व फिल्म दोन्ही सुधारल्यावर नटवर्ग रंगमंचावरच टिपला जाऊ लागला. त्यापूर्वीच्या रंगविलेल्या पडद्यांची स्थिती शोचनीय आहे. आनंदराव व बाबूराव पेंटर हे कलावंत बंधू त्या कामात होते, पु. श्री. काळे यांनी तर ‘ललित कलेच्या सहवासात’ हा ग्रंथच लिहून ठेवला. अशा ग्रंथांकडे जाताना ‘नेपथ्य’ या शब्दाशी जपून वागावे लागते. संस्कृतात तो वेषभूषेचा आणि पडद्यामागील जागेचा वाचक आहे. आजच्या मराठीत तो रंगमंचावरील दृश्यसजावटीचा झाला. जुन्या लेखात ‘नेपथ्य उत्तम होते’ असे वाचून आपण पडद्यांची कल्पना करावी आणि लेखकाच्या मनात शालू असावा, असे घडू शकते.

कोल्हापूरचे पॅलेस थिएटर १९१५ चे. पुढे केशवराव भोसले यांचे नाव लाभलेले ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीत सापडले. केशवरावांची वेषातील चित्रे नाट्यग्रंथांतून अनेकवार छापली गेली आहेत. परंतु रंगमंचाची खोली किती होती, पडदे कोठून सुटत, पिटातल्या प्रेक्षकास नट कोणत्या कोनातून दिसे, हे त्या चित्रांतून कळत नाही; ती काढली गेली तेव्हा केशवराव त्या रंगमंचावर उभेच नव्हते.