भुताळी, प्रकृती आणि सोपाऱ्याचा शिलालेख

मनोर व जव्हारच्या परिसरातील वारली समाजात ‘भुताळी’ ही समजूत जुनी आहे. घरात मूल दगावले वा गुरे मेली की भगताकडे जावयाचे, भगताने तांदळाचे दाणे पाहून कारण सांगावयाचे आणि ते कारण म्हणजे पुष्कळदा शेजारची एखादी स्त्री असावयाची. जीव खाणारी भुताळी प्रत्यक्षात कोठेही नसते. ती भयाने रचलेली आहे. परंतु तिच्या नावाने होणारी मारहाण आणि बहिष्कार मात्र हाडामांसाच्या स्त्रीला भोगावा लागतो.

हा दोष नेमका कोणावर येतो? झारखंडातील संथाळ समाजाचा अभ्यास करताना गोविंद केळकर व देव नाथन यांनी डाकीण ठरविण्याचा संबंध विधवेच्या जमिनीवरील हयातीच्या हक्काशी जोडला आहे. जी स्त्री आपला हक्क सोडीत नाही, तिच्यावर आळ घेणे सोयीचे ठरते. हा दोष केवळ आदिवासींचा आहे, असे आम्ही मानीत नाही. गावात साथ आली की गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे बोट दाखविले जाई, हा आपल्याच पूर्वजांचा अनुभव आहे.

बौद्ध वाङ्मयात या प्रश्नाचा फार मार्मिक उलगडा आढळतो. ‘दिव्यावदाना’तील शार्दूलकर्णावदानात प्रकृती नावाच्या मातंगकन्येची कथा आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात प्रकृतीच्या धम्मदीक्षेला स्थान दिले आहे. विहिरीवर आनंद तिच्याकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगते. आपण जात विचारली नाही, पाणी मागितले, असे तो उत्तरतो. पुढे तिच्या हट्टामुळे तिची आई आनंदावर मंत्रप्रयोग करते. भगवान बुद्ध आनंदाची सुटका करतात, परंतु त्या मुलीला शिक्षा न करता तिला संघात घेतात.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आईने मंत्र घातला तेव्हा श्रावस्ती नगरी खवळली नाही. मुलगी भिक्षुणी झाली तेव्हा मात्र ती खवळली! चांडाळाची मुलगी ब्राह्मणांच्या घरांत कशी शिरणार, अशी कुरकुर सुरू झाली आणि राजा प्रसेनजितासह लोक तथागतांकडे गेले. म्हणजे संताप जादूचा नव्हता. नेमून दिलेली जागा तिने सोडली, याचा तो संताप होता.

मनोर ज्या पालघर जिल्ह्यात येते, त्याच जिल्ह्यातील सोपारा हे अशोककालीन बंदर. तेथे 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगाव येथे 1956 मध्ये सापडला. या नवव्या लेखात आजारपण, विवाह, जन्म व प्रवास या प्रसंगी होणाऱ्या विधींना अल्पफलदायी म्हटले आहे. क्षुद्र विधींचा दोष त्यातही विशेषेकरून स्त्रियांना दिला आहे, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. तथापि त्यावरचा उपाय शिक्षा नव्हे, तर धम्ममंगल होय: दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर आणि प्राणिमात्रांविषयी संयम.

दुःखाचे कारण शोधा, ही तथागतांची शिकवण. 1945 च्या वारल्यांच्या उठावाने वेठबिगार व लग्नगडी या प्रथांवर प्रहार केला, तेव्हा त्या समाजाने आपल्या दैन्याचे खरे कारण ओळखले होते. ते शेजारणीच्या नजरेत नव्हते, सावकाराच्या वहीत होते.

पुढे 2013 मध्ये जादूटोणाविरोधी आणि 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्राने केला. कायदा आळ घेणाऱ्यास शासन करील. परंतु आळ आलेल्या स्त्रीच्या घरी जाऊन तिच्या हातचे पाणी पिणे हे काम कायद्याचे नाही. ते आनंदाचे काम आहे आणि म्हणूनच ते आपले आहे.