रुपयामागे एक पैसा

इमारतीला देणगीदार मिळतो, बाईंच्या पगाराला मिळत नाही. आहारशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून हे जरा अधिकाराने लिहिते. वस्तीत पाककृतींचं प्रात्यक्षिक ठेवलं की नाक्यावरचा किराणावाला नाचणी, गूळ, शेंगदाणे बांधून द्यायचा; वर म्हणायचा, "पावती-बिवती राहू द्या हो बाई." मोठी कंपनी मात्र आधी फलकाची लांबी-रुंदी विचारणार. एका कंपनीची तर अट होती, शिबिरात आमचीच बिस्किटं वाटा. शिबिराचा विषय बालकांचं पोषण! आम्ही नाही म्हटलं आणि त्या वर्षीचं शिबिर बुडालं.

तेव्हापासून देणगीच्या अटी बारकाईने वाचायची खोड लागली. आमच्या विषयाचं मूळ शोधत गेले, तीही वाट शेवटी पैशापाशीच आली. अण्णासाहेब कर्व्यांच्या पैशापाशी.

धोंडो केशव कर्वे गणिताचे प्राध्यापक. वर्गणी कशी गोळा करायची, हे ते आधी मुरुडकरांकडून शिकले. दापोलीजवळच्या त्यांच्या या गावासाठी ‘मुरूड फंड’ होता: गावकऱ्याने आपल्या मिळकतीतून रुपयामागे एक पैसा द्यायचा. रुपयाचे पैसे तेव्हा चौसष्ट. देणाऱ्याला फारसं जाणवत नाही आणि न देणाऱ्याला लाज वाटते, असा हा बेताचा आकडा. पुढे 1896 साली अनाथ बालिकाश्रम निघाला, 1900 साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवून पायी हिंगण्याला जात आणि सुट्टी लागली की झोळी घेऊन बाहेर पडत.

1915 च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषणाची तयारी करताना, पूर्वी टपालाने आलेली आणि बाजूला पडलेली एक पुस्तिका त्यांनी पुन्हा उघडली. ती होती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती. पुढच्याच वर्षी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू झालं. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी सक्तीची, आणि अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्र व आरोग्यशास्त्र. घरात कोणी काय खावं, आजाऱ्याला काय द्यावं, पाणी कसं राखावं, हे प्रश्नपत्रिकेत आलं. पदवीचं नाव ‘गृहीतागमा’, म्हणजे जी. ए.

"शिकवून शेवटी चुलीपाशीच बसवणार," ही टीका झालीच. ती अगदीच खोटी नव्हती; हा विषय मुलग्यांनाही हवा, असं तेव्हा कोण म्हणणार होतं? पण आमच्या आज्यांच्या पिढीला जुलाब झालेल्या पोराचं पाणी तोडायचं एवढंच ठाऊक होतं. ते चूक आहे, हे मराठीतून सांगणारी शिकलेली बाई हवीच होती.

अडचण पैशाची. पदवीला सरकारी मान्यता नाही, मग अनुदान कुठलं? वर्षाची वर्गणी भरणाऱ्यांना सेनेटचे सभासद निवडायचा हक्क देऊन कर्व्यांनी देणाऱ्यालाच मतदार केलं. ही कल्पना मला फार आवडते. पार्वतीबाई आठवले, कर्व्यांच्या मेहुणी, केशवपन केलेली कोकणातली विधवा, पहिलं महायुद्ध चालू असताना अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करत इंग्रजी शिकल्या आणि संस्थेसाठी निधी जमवला.

मग 1920. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासात जपानचं ते विद्यापीठ स्वतः पाहून आले होते. त्यांनी पंधरा लाख रुपये जाहीर केले. विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव द्यायचं ठरलं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, आपलं एसएनडीटी. लोक पंधरा लाखांचा आकडा सांगतात. मी सांगते तो 52,500 चा. साडेतीन टक्क्यांनी वर्षाचं व्याज तेवढं होतं, आणि विद्यापीठाच्या हाती पडायचं होतं ते व्याजच. महिन्याला 4,375 रुपये. व्याज दर वर्षी येतं आणि पगारही दर महिन्याला द्यावाच लागतो. संस्था चालवलेल्या माणसाला या जुळणीची किंमत कळते. मुंबईतल्या सहकारी बँकेच्या स्थापनेत पुढाकार घेतलेल्या माणसाला ही रीत सुचली, यात नवल नाही.

हा पैसा कापडगिरण्यांचा होता, हे मात्र विसरवत नाही. गिरणगावात एकेका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या बाळंतिणींपर्यंत आरोग्यशास्त्राचा तास पोहोचायला फार काळ गेला. विठ्ठलदास 1922 सालीच वारले, पन्नाशीही न गाठता.

कर्व्यांची झोळी पंधरा लाखांनंतरही खांद्यावरून उतरली नाही. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोप, अमेरिका, जपान करून आले आणि पुन्हा आफ्रिकेला निघाले. तिथल्या हिंदी लोकांपुढे संस्थेचं काम मांडायचं आणि निधी मागायचा, हाच त्यांचा धंदा.

सरकारने विद्यापीठासाठी कायदा केला तो 1949 साली. 1951 मध्ये मान्यता पदरात पडली. त्यानंतरच्या पहिल्या कुलगुरू लेडी प्रेमलीला ठाकरसी, विठ्ठलदासांच्या पत्नी. जुहूच्या आवारातल्या गृहविज्ञान महाविद्यालयाला सर विठ्ठलदासांचं नाव आहे. तिथल्या मुली आज रुग्णालयांत आहारतज्ज्ञ म्हणून जातात, आणि गृहविज्ञानाला मुलगे का येत नाहीत, असा प्रश्न मलाच विचारतात.