भयमुक्त वर्गाची पूर्वपीठिका

मालाडच्या खाणींतील पिवळसर दगड मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या भिंतींत बसला आणि शेजारच्या खारोडीचा दगड गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीस लागला, याची नोंद सरकारदप्तरी झाली. परंतु ज्या साष्टीच्या भूमीतून हा दगड निघाला, तेथील कोळी, आगरी, भंडारी, ईस्ट इंडियन आणि खाणमजूर कुटुंबांतील मूल शाळेची पहिली पायरी कोणत्या मनःस्थितीत चढले, हे लिहून ठेवण्यासाठी त्या दप्तरांत रकानाच नव्हता. हजेरीपटावरून उपस्थिती कळे, निकालावरून पाठांतर कळे. मुलाच्या अंतःकरणाची विचारपूस मात्र कोणाच्याही कामाचा भाग मानली जात नसे.

पंतोजींच्या शाळेपासून चालत आलेली शिस्त छडी, अंगठे धरून ओणवे उभे राहणे आणि घोकंपट्टी या त्रयीवर उभी होती. सरकारी शाळा निघाल्या, क्रमिक पुस्तके आली, तपासनीस फिरू लागले. तथापि भयावाचून विद्या येत नाही, हा समज बदलला नाही. पंतोजींना दुष्ट ठरविण्याचे कारण नाही, कारण आईबापांचीही हीच श्रद्धा होती. भेदरलेले मूल आज्ञा पाळते, पण प्रश्न विचारण्याचे धैर्य गमावून बसते, हे त्या काळी फार थोड्यांना उमगले होते.

ज्यांना ते उमगले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाईंनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासह मॉन्टेसरींच्या तत्त्वांना भारतीय रूप दिले, आणि १९२६ मध्ये तेथेच नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार उभारला. शिक्षा व बक्षीस या दोहोंची गरज न भासता मूल आपल्या कामात रमते, रडणाऱ्या मुलाला दटावण्यापूर्वी त्याच्या रडण्याचे कारण शोधावे लागते, ही दृष्टी तेथे मराठी मध्यमवर्गाच्या परिचयाची झाली.

परंतु शहरी घरांतील मुलांपुरते हे शास्त्र राहावे, हे ताराबाईंना रुचेना. १९४५ मध्ये त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, आणि मालाडपासून दोनच स्थानके पुढे असलेल्या बोरिवलीत कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ज्यांचा त्यांच्याशी परिचय झाला, त्या अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. पुढील दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली; गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली; धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडणाऱ्या मुलीला शिकता यावे म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी साकारली. शिंपले, खडे, पाने व बिया ही तेथील साधने होती, आणि मुलांना न्हाऊ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हा पाठाचाच भाग होता. ज्या हातांनी मायेने केस विंचरले, त्या हातांची भीती मुलाला वाटत नाही; आणि भीती सरल्यावर अक्षराशी मैत्री जुळण्यास विलंब लागत नाही, हेच कोसबाडच्या प्रयोगाचे सार होय.

१९५७ मध्ये मालाड बृहन्मुंबईच्या हद्दीत समाविष्ट झाले आणि येथील शाळांपुढे निराळाच प्रश्न उभा राहिला. मालाडमधील मालवणीच्या वसाहतीत शहराच्या अन्य भागांतील झोपडपट्ट्यांतून हलविलेली कुटुंबे येऊन वसली. मोठ्यांचे स्थलांतर शिधापत्रिकेवरील पत्त्याच्या बदलाने नोंदले गेले. मुलांची मात्र गल्ली गेली, सवंगडी गेले, ओळखीचे दुकान गेले. अशा मुलाचा अबोलपणा किंवा दांडगाई हा पुष्कळदा अपराध नसून विरह असतो, आणि तो ओळखणारी बाई वर्गात असेल तर एवढ्यानेच त्याचे अर्धे दुःख हलके होते.

२००९ च्या बालशिक्षण हक्काच्या कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली, आणि मुलास भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवणे हे शिक्षणाचे कर्तव्य ठरविले. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा अमलात आहे. छडी बंद करणे कायद्याच्या आवाक्यातले होते. तिच्या जागी जिव्हाळा आणणे हे काम शिक्षकांचेच आहे. ताराबाई व अनुताई यांनी ते काम अल्प साधनांत, पण मोजक्या मुलांकडे पुरेसे लक्ष देऊन केले. म्हणून मालाडच्या शाळांत बालमनाची जोपासना व्हावी असे आपणांस खरोखर वाटत असेल, तर तिच्यासाठी नवा विषय वेळापत्रकात घालण्यापूर्वी वर्गातील गर्दी कमी करावी, शिक्षकांवरील कारकुनी कामांचा भार उतरवावा, आणि प्रत्येक मुलाशी रोज चार शब्द बोलण्याइतकी फुरसत त्यांना मिळवून द्यावी. यासाठी लागणारा खर्च टाळून परिपत्रक कितीही सद्हेतूने काढले, तरी ते मुलापर्यंत पोहोचणार नाही.