कुवेत १९९० : विमानांआधीचे आणि नंतरचे कागद

ऑगस्ट लागला की कुवेतमधल्या जुन्या लोकांच्या गप्पांत १९९० येतंच. आपल्याला ते साल ठाऊक आहे ‘एअरलिफ्ट’ सिनेमामुळे. त्यातला रंजित कटियाल काल्पनिक. पण लाखाहून जास्त भारतीय बसरा, बगदाद करत अम्मानला पोचले आणि एअर इंडियाने त्यांना मुंबईला नेलं, हे अगदी खरं. आज मात्र विमानांबद्दल नाही, कागदांबद्दल बोलू.

२ ऑगस्टला इराकी फौज शिरली तेव्हा जाब्रिया, सालमिया, फहाहील मिळून कुवेतभर पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. भांडण त्यांचं नव्हतं. मग त्यांना वाली कोण? कागदावर उत्तर होतं: १९४९ चा चौथा जिनिव्हा करार. परक्या फौजेने मुलूख बळकावला, की तिथे सापडलेले, पण त्या फौजेच्या देशाचे नागरिक नसलेले लोक ‘संरक्षित’ ठरतात. म्हणजे कुवेती तर आलेच, आपणही आलो. इराकने हा करार १९५६ मध्येच स्वीकारला होता. कलम ३४ ओलीस ठेवायला मनाई करतं, कलम ४८ परदेशी माणसाला निघून जाण्याचा हक्क देतं, आणि कलम ५५ नुसार अन्न-औषधांची जबाबदारी ताबा घेणाऱ्याची.

इराकने कुवेत हा आपला एकोणिसावा प्रांत असल्याचं जाहीर केलं. घरच झालं म्हटल्यावर ताबा कसला? पण करार लिहिणारे दुसऱ्या महायुद्धातून पोळून निघालेले होते. कलम ४७ सांगतं की प्रदेश जोडून घेतला तरी लोकांचं संरक्षण जात नाही.

प्रत्यक्षात काय झालं? अर्धंमुर्धं. पाश्चात्त्य नागरिकांना मोक्याच्या ठिकाणी ढाल म्हणून ठेवलं. सहाशेहून अधिक कुवेती आणि इतर माणसं बेपत्ता झाली. भारतीयांना जाऊ दिलं, त्यात कलम ४८ पेक्षा दिल्ली-बगदाद संबंधांचा वाटा मोठा होता, असं माझं मत. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल सद्दामला भेटले, त्या गळाभेटीच्या फोटोवरून टीकाही खूप झाली.

मागे राहिलेल्यांचा प्रश्न अन्नाचा होता. इराकवरच्या निर्बंधांमुळे धान्यही अडलं. भारताने संयुक्त राष्ट्रांकडे परवानगी मागितली, सुरक्षा परिषदेने सप्टेंबरमध्ये ठराव ६६६ करून मानवतेच्या गरजेपुरती वाट काढली, आणि ‘विश्व सिद्धी’ जहाज धान्य घेऊन आलं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. कुवेतची नागरी नोंद नष्ट करून लोकसंख्येचा चेहराच बदलण्याचे प्रयत्न चालले होते. २८ नोव्हेंबरला ठराव ६७७ आला: १ ऑगस्टपर्यंतच्या लोकसंख्या नोंदणीची प्रमाणित प्रत संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी ताब्यात ठेवावी. आमच्या भाषेत, एका अख्ख्या देशाचा ऑफसाइट बॅकअप! सिव्हिल आयडी हरवला की आपली किती धावपळ होते ते आठवा. इथे तर मूळ नोंदच पुसली जात होती.

नोंदीचं मोल युद्धानंतर कळलं. संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाकडे जगभरातून सुमारे २७ लाख दावे आले. नुसतं कुवेत किंवा इराक सोडावं लागलं, एवढ्यासाठी एका माणसाला अडीच हजार डॉलर, दुसरा कुठलाही दावा करणार नसाल तर चार हजार. कुटुंबाला पाच किंवा आठ हजार. पुरावा फार नको, निघाल्याची तारीख पुरे. इतके अर्ज हाताने तपासणं शक्यच नव्हतं, म्हणून प्रवासाच्या नोंदींशी ते संगणकावर जुळवून पाहिले. आणि कंपन्या-सरकारांच्या आधी सामान्य माणसांचे दावे घेतले, हे मला फार आवडतं. पैसा इराकच्या तेलातून वळता झाला. ती झळ निर्बंधांखाली होरपळणाऱ्या इराकी जनतेलाही बसलीच.

एकूण ५२.४ अब्ज डॉलर दिले गेले. शेवटचा हप्ता पडला जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे टाक्या कुवेतमध्ये शिरल्यानंतर एकतीस वर्षांनी.